पन्हळ, पागडी आणि चुना: जुन्या इमारतींच्या मागे तीस वर्षं

चुनखडी

माझी भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. परवा जेवायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मलाही तुझ्यासारखं हेरिटेजच करायचंय." तिच्या डोळ्यांपुढे काय असणार ते मला ठाऊक आहे. सीएसएमटीचा घुमट, राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा, हेल्मेट घालून परांचीवर काढलेला फोटो. म्हटलं, उद्या साइटवर चल. आणि तिला नेलं गिरगावातल्या एका तीन मजली इमारतीच्या घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या पाइपांच्या बोळात. तिथे आम्ही तासभर नुसते पाइप बघत उभ्या होतो. बाईसाहेब हिरमुसल्या. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. लांबेल, आधीच माफी मागते.

मी १९९४ साली पास झाले. तेव्हा वारसा म्हणजे लेणी, किल्ले, देवळं. पुरातत्त्व खात्याच्या यादीत जे असेल ते वाचेल, बाकीचं रामभरोसे. फोर्टात, काळबादेवीत, भायखळ्यात शेकडो सुंदर इमारती होत्या, पण त्यांत माणसं राहत होती, पेढ्या चालत होत्या. अशा नांदत्या इमारतींसाठी कायदाच नव्हता. १९९५ मध्ये मुंबईची हेरिटेज नियमावली आली, शहरासाठी अशी नियमावली देशात पहिलीच. सहाशेवर इमारती आणि परिसर यादीत आले, श्रेण्या ठरल्या. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतून जपून बदल, तिसरीत बरीच मोकळीक. आमच्या सरांच्या ऑफिसात एकदम कामं यायला लागली आणि ती करायला कोणाला येत नव्हती. मलाही नव्हती. पगार अठराशे रुपये. पहिले सहा महिने मी फक्त टेपचं दुसरं टोक धरलं.

कॉलेजात पाच वर्षं शिकले ते नवीन बांधायला. आरसीसी, सिमेंट, स्टील. चुन्यावर दोन व्याख्यानं झाली असतील, त्यातल्या एकाला मी नव्हते.

त्याची किंमत १९९७ मध्ये मोजली. फोर्टातली एक इमारत, बाहेरून गिलावा सुटत होता. मी सिमेंटचा नवा गिलावा आणि त्यावर पाणी आत जाऊ न देणारा भारी रंग सुचवला. दिवाळीत इमारत अशी झळकली की मालकांनी पेढे पाठवले. तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला ताटाएवढे फोड. एक फोडला तर आतून मनगटावर पाणी ओघळलं आणि त्यामागची वीट बोटाने खरवडता येत होती, ओल्या रव्यासारखी. पाणी वरून, पॅरापेटमधून (गच्चीच्या कठड्यातून) आत शिरत होतं. पूर्वी ते चुन्यातून हळूहळू बाहेर पडायचं, ती वाट मी स्वतः सील करून टाकली होती.

तो सगळा गिलावा काढायला गवंडीमामा आले. त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास. भिंतीला कान लावून लाकडी हातोडीने टकटक करत चालायचे. टणक आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की खडूने गोल. संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत गोलांनी भरली. मी माझ्या नकाशावर तेच गोल उतरवून घेतले. इमारत तपासायची ही रीत मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्यांनी शिकवली. नंतर कळीचा चुना आणला, टाकीत विरवला, त्यावर पाणी ठेवून आठवडे मुरत ठेवला. मालक रोज विचारायचे, "चुना अजून झोपलाय का?"

तेव्हापासून कुठल्याही इमारतीत गेले की पहिला प्रश्न एकच, पाणी कुठून येतंय? दुसरा प्रश्न, भाडं किती आहे? कमानी आणि नक्षी तिसऱ्या नंबरवर. शहरातल्या जुन्या इमारती दर्शनी बाजूने मरत नाहीत, मागून मरतात. मागे नंतर जोडलेले संडास असतात, गळके बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाइप असतात, नाहाण्या असतात, पिंपळ असतो. पुढून सगळं ठीक दिसत असतं आणि मागे तुळईचं टोक भिंतीत कुजत असतं.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

गिरगावकर

मस्त धागा. आमची इमारत १९२६ ची, तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात नकाशा उमटतो. यंदा आफ्रिका आहे. कंत्राटदार म्हणतो आतून केमिकल मारू, पाच वर्षं बघायला नको. मारू का?

---

निव्वळ वाचक

वाचतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

कडीपाट

पुण्यातून लिहितो. मुंबईत निदान दगड आहे, आमच्या पेठांतल्या वाड्यांचं दुखणं वेगळं. खाली दगडी जोतं, वर चपट्या पेशवाई विटा, पण भार पेलतो तो लाकडी सांगाडा. खांब, तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, आणि त्यावर मातीचा थर. वाळवी लागली की वरून कळतच नाही. माझ्या आजोळच्या वाड्यात खांबाला टेकून आम्ही पत्ते खेळायचो, एकदा मामाने सहज पेन्सिल टोचली तर ती निम्मी आत गेली.

विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, डेक्कन कॉलेजची मुळं तीच. पुढे सरकारी कचेऱ्या आल्या. वापर चालू राहिला, म्हणून तो उभा राहिला. खासगी वाड्यांना हे भाग्य नाही. आमच्या वाड्याच्या सात-बाराला एकोणीस नावं होती, त्यातली चार अमेरिकेत. छपराची कौलं बदलायची तरी सह्या कोणाच्या घ्यायच्या?

(शहरात सात-बारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. घरात सगळे सात-बाराच म्हणायचे.)

---

चुनखडी

@गिरगावकर, आतून काही मारू नका. आतून सील केलं की पाणी थांबत नाही, फक्त आफ्रिका सरकून शेजाऱ्यांकडे जाते. आधी वर जाऊन बघा. तुमच्या कोपऱ्याच्या बरोबर वर काय आहे? गच्ची, पन्हळ, पाइपचा सांधा, पिंपळ? मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत. एक पन्हळ तुंबली की ते सगळं भिंतीत.

आणि गच्चीवर दर दहा वर्षांनी कोबा चढवत असतील तर तेही मोजा. एका इमारतीत मी कोब्याचे चार थर पाहिलेत, एकावर एक, प्रत्येक नव्या कंत्राटदाराचा एक. खाली सागाच्या तुळया, १०० वर्षांच्या. गळती थांबली नाही ती नाहीच, वजन मात्र टनांनी वाढलं.

@कडीपाट, एकोणीस नावांबद्दल काय बोलू? माझ्याकडे एकतीस नावांची इमारत होती. आराखडे तीन महिन्यांत झाले, सह्या सहा वर्षांत.

---

घरमालक तिसरी पिढी

लेख छान आहे ताई, पण दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

आजोबांनी १९३१ मध्ये इमारत बांधली. बावीस भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं. नव्या, १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. चाळीस रुपयांचे चार टक्के किती होतात ते मोजा. सगळं मिळून जे भाडं येतं त्यात परांचीही उभी राहत नाही. त्यात इमारत तिसऱ्या श्रेणीत. खिडकी बदलायची तरी अर्ज. भाडेकरू खोली पागडीने, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेऊन, विकतो तेव्हा लाखांत व्यवहार होतो, गळती सुरू झाली की "मालक, बघा जरा". पर्यटक येतात, खालून फोटो काढतात, "वॉव" म्हणतात. वॉवचं भाडं मिळत नाही.

---

पावशेर

मी भाडेकरूंच्या बाजूचा. १८० चौरस फुटांत आम्ही सात माणसं वाढलो, रात्री संडासला गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं. जिने आणि गॅलऱ्या टेकूवर. दर जूनमध्ये पालिकेची नोटीस दारावर. आणि कोणीतरी येऊन म्हणणार, किती छान ती नक्षीदार कठडी! पुनर्विकासात घरातला संडास मिळतो, लिफ्ट मिळते. आईचे गुडघे गेलेत. मला कठडी नको, लिफ्ट हवी. कडवट वाटेल, पण लिहून टाकलं.

---

चुनखडी

कडवट नाही वाटलं. दोघांचंही खरं आहे, आणि माझं अर्धं आयुष्य या दोघांच्या मधल्या जिन्यात गेलंय.

मालकाकडे पैसा नाही, भाडेकरूकडे मालकी नाही, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही. इमारती कोसळायला लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर बसवला. तेव्हा अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. मंडळाने हजारो घरं वाचवली हे कबूल करायलाच हवं. पण ती दुरुस्ती म्हणजे ठरावीक पैशांत ठरावीक काम. सागाची तुळई काढा, लोखंडी गर्डर घाला, लाकडी कठडा काढा, विटांची भिंत बांधा, सिमेंट मारा. ती भिंत जुन्या गॅलरीच्या टोकावर किती वजन टाकते याचा विचार कोण करणार?

मग पुनर्विकासाचे नियम आले. नियम ३३(७) खाली तीन एफएसआय, म्हणजे जागेच्या तिप्पट बांधकाम, मिळतं म्हटल्यावर इमारत दुरुस्त करण्यापेक्षा ती पडण्याची वाट बघणं फायद्याचं झालं. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही, गणितच तसं आहे. विकासाचा हक्क अडकला तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरायला विकायची, तरतूद हेरिटेज नियमांत आहे, पण टीडीआर म्हणजे सोमवारी प्लंबरला द्यायचे पैसे नव्हेत.

@पावशेर, मी स्वतः दोन इमारतींना "पाडा" असं लिहून दिलंय. एकीत तीन मजल्यांच्या सगळ्या तुळयांची टोकं गेलेली, खाली शाळा सुटल्यावर मुलं उभी राहायची. यादीतल्या कठड्यापेक्षा ती मुलं महत्त्वाची. पण दुसऱ्या एका इमारतीत घराघरात संडास बसवून दाखवले, मागच्या बाजूला वेगळा हलका लोखंडी सांगाडा उभा करून, सगळे पाइप त्यात, जुन्या भिंतीला न टेकवता. लिफ्टही त्यातच. पुढची बाजू १९१० ची तशीच. खर्च नवीन बांधण्यापेक्षा बराच कमी आला. आठ वर्षं लागली, त्यातली पाच बैठकांत. एका आजींनी शेवटपर्यंत सही दिली नाही. लिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या त्याच बसल्या.

---

पावशेर

आजी माझ्याच असतील :)
मुद्दा मान्य. पण आठ वर्षं थांबायला माणूस जगला पाहिजे.

---

चुनखडी

हो. तीन जणं नाही जगली.

---

आल्तिनोकार

पणजीसून लिहितां, मराठीतच लिहितो! आमच्याकडे फोंतेन्यासमध्ये, पणजीच्या जुन्या वस्तीत, दगड म्हणजे जांभा, त्याला तर गिलाव्याशिवाय चालतच नाही. उघडा ठेवला की पावसात चाळणी. हल्ली काही जण "अस्सल लूक" म्हणून गिलावा खरवडून जांभा उघडा करतात आणि वर चकचकीत व्हार्निश मारतात. मामाच्या घरात जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पापुद्रे आहेत, आत दुधासारखा उजेड येतो. एक पापुद्रा तुटला तर तसा बसवून देणारा मिळत नाही. होमस्टे झाले म्हणून घरं टिकली हे खरं, पण राहणारी माणसं पर्वरीला गेली. मग काय वाचलं?

---

चुनखडी

@आल्तिनोकार, व्हार्निश वाचून अंगावर काटा आला. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. रिकाम्या घरात पाणी आलं तर ते बघायला कोणी नसतं, एवढं मात्र नक्की.

---

टी-स्क्वेअर

ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. शिकायचं कुठे, आणि पोट भरतं का? घरचे म्हणतात इंटिरिअर कर. आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलबद्दल लिहा ना, आम्हाला केस स्टडी आहे.

---

चुनखडी

शिकायला दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे, अहमदाबादला सेप्ट आहे, बाहेर इंग्लंडात यॉर्क. पण त्याआधी दोन वर्षं नोकरी कर, जिथे मोजमापं घ्यावी लागतील अशी. जुन्या इमारतीत एकही कोपरा नव्वद अंशांचा नसतो. हाताने मोजलं नाही तर भिंत कुठे झुकलीय ते स्क्रीनवर दिसत नाही.

पोट भरतं, उशिरा. माझ्याबरोबरचे इंटिरिअरवाले चाळिशीत दुसरं घर घेत होते तेव्हा मी पहिल्याचे हप्ते भरत होते. मोठी कामं सरकारी किंवा ट्रस्टची. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखी, तिथे पालिका, वारसा जपणारी इन्टॅक संस्था आणि बजाज फाउंडेशन एकत्र आले, विकास दिलावरींनी काम केलं, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकमधला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. रॉयल ऑपेरा हाऊस बरीच वर्षं बंद होतं, आभा लांबा यांच्या कामानंतर २०१६ मध्ये उघडलं. जाऊन बघ, पण एकदा दुरुस्तीआधीचे फोटो शोधून मग जा. या दोन्हींमागे पैसे घालणारा कोणीतरी होता. पागडीच्या इमारतीमागे नसतो. तिथे फीचे हप्ते भाडेकरू वर्गणीसारखे आणून देतात, नाण्यांसकट.

वॉटसन. १८६० च्या दशकातलं हॉटेल, बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा तिथे दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद, आत पोटमाळे, वकिलांची ऑफिसं, झेरॉक्स. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत नाव आलं. २०१९ मध्ये रिकामी केली. एका तज्ज्ञ अहवालाने पाडा म्हटलं, दुसऱ्यांनी वाचवता येईल म्हटलं. केस स्टडीत एक गोष्ट नीट लिही. बीड आणि पोलाद वेगळं वागतं. पोलादी गर्डर वाकून इशारा देतो, बीड सरळ तडकतं. आणि लोखंड भिंतीच्या आत गंजलं की त्याचा गंज कित्येक पट जागा मागतो, दगड आतून उचकटतो. खालून बघणाऱ्याला वाटतं दगड खराब आहे. दगड बिचारा चांगला असतो.

ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू २०१८ मध्ये जागतिक वारसा झाल्या, ९४ इमारती. एका बाजूला गॉथिक, समोर आर्ट डेको. सगळे गॉथिककडे तोंड करून फोटो काढतात. तू डेकोच्या बाजूला जा. ते आरसीसी आहे, समुद्राच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतायत, आणि गवंडीमामांची हातोडी तिथे निम्मंच सांगते. पुढच्या तीस वर्षांचं काम तिकडे आहे. ते मला येत नाही, तू शीक.

---

कडीपाट

अवांतर: गवंडीमामांचं पुढे काय झालं?

---

चुनखडी

२०११ मध्ये गेले. मुलगा टाइल्स बसवतो, चांगलं कमावतो. नातू माझ्याकडे आहे. हातोडी तीच आहे, दांडा दोनदा बदललाय. चुना मुरवायला मात्र कंटाळतो, रोज विचारतो झाला का म्हणून.

---

घरमालक तिसरी पिढी

तो वेगळ्या सांगाड्याचा आराखडा बघायला मिळेल का? भाडेकरूंना दाखवून बघतो. फार आशा नाही. व्यक्तिगत निरोप करतो.

---

चुनखडी

करा. आणि भेटायचं तर धो-धो पाऊस असताना बोलवा. कोरडी इमारत काही बोलत नाही. मी छत्री घेऊन येते, तुम्ही फक्त गच्चीची किल्ली शोधून ठेवा, ती कधीच कोणाला सापडत नाही.

---

गिरगावकर

अपडेट. काल रविवारी किल्ली मिळवली (तळमजल्यावरच्या टेलरकडे होती, का ते त्यालाही माहीत नाही). वर गेलो. आफ्रिकेच्या बरोबर डोक्यावर पन्हळीचं तोंड. पानं, कबुतराची पिसं, मातीत उगवलेलं वीतभर पिंपळाचं रोप आणि या सगळ्याखाली एक टेनिसचा चेंडू, गच्च बसलेला. त्यावर पेनने 'सी विंग' लिहिलंय. अक्षर माझ्या मोठ्या भावाचं. गच्चीवर शेवटची मॅच आम्ही १९९८ मध्ये खेळलो.

पिंपळ उपटू की कापू?

---

चुनखडी

उपटू नका, मुळाबरोबर दगड येईल. आत्ता फक्त बुंध्याशी कापा, पाऊस संपला की मी येऊन बघते. चेंडू भावाला द्या.